जावा घेऊ की बेडरॉक? ताई, आधी पुण्याला फोन लावा

पत्र: दादा, मुलगा सातवीत आहे. गेलं वर्षभर घरात माइनक्राफ्ट माइनक्राफ्ट चाललंय, तो ब्लॉकने खोदायचा-बांधायचा गेम. सहामाहीला गणितात चांगले मार्क पाड, मग घेऊन देते असं मी बोलून बसले आणि ह्याने पाडले की हो मार्क. आता घ्यायला बसले तर जावा, बेडरॉक, डिलक्स, एज्युकेशन, डंजन्स, डोकं गरगरलं. मुलगा म्हणतो जावाच पाहिजे, यूट्यूबवाले सगळे जावावर खेळतात. घरात ह्यांचा जुना लॅपटॉप आहे, विंडोजचा, चार जीबी रॅम, आणि माझा अँड्रॉइड फोन. पुण्याला नणंदेचा मुलगा आहे, त्याच्या लॅपटॉपवर जावा आहे. मोठे दीर न्यू जर्सीला, त्यांच्या मुलाकडे एक्सबॉक्स. वर्गातले मित्र सगळे फोनवर खेळतात. पैसे एकदाच घालणार आहे, परत परत नाही. काय घेऊ? — सांगलीची एक आई

उत्तर:

ताई, नमस्कार. शब्द दिलाय आणि पोराने मार्क पाडलेत म्हणजे आता मागे फिरायची सोय राहिली नाही, घ्यावं तर लागणारच.

पहिल्यांदा ती नावांची गर्दी कमी करू. डंजन्स आणि लेजंड्स ही माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजँग कंपनीचीच वेगळी गेम्स आहेत, त्यात तुमच्या मुलाला हवंय ते मोकळं खोदणं-बांधणं नाही, तर ती बाजूला ठेवा. एज्युकेशन हे शाळांसाठीचं, ते शाळेच्या अकाउंटवर लायसन्स घेऊन चालतं, मुलांना घरी मित्रांसोबत खेळायला ते नसतं. डिलक्स म्हणजे गेम तोच, वर थोडी माइनकॉइन्स म्हणजे गेममधली नाणी आणि तयार स्किन म्हणजे पात्राचं रूप, मॅप वगैरे बांधून दिलेले, ते नसलं तरी काहीही अडत नाही. आणि प्ले स्टोअरवर माइनक्राफ्टसारखी दिसणारी, नावात क्राफ्ट असलेली फुकट गेम्स ढिगाने आहेत, तिथे खाली मोजँग हे नाव दिसतंय का तेवढं बघा, नसेल तर ते माइनक्राफ्ट नाही. फुकटची एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरची अ‍ॅपची फाइल, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर ती सुद्धा नको, त्यात काय भरलंय हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं आणि तुमच्या त्याच फोनवर यूपीआय चालतं.

मग उरली दोन, जावा आणि बेडरॉक. जावा हे मूळ, २००९ साली स्वीडनमध्ये मार्कस पेर्सन ह्या प्रोग्रॅमरने लोकांसमोर आणलं ते, जावा भाषेत लिहिलेलं म्हणून तसं नाव, आणि ते फक्त कॉम्प्युटरवर चालतं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर. फोनसाठी २०११ मध्ये पॉकेट एडिशन म्हणून वेगळं काढलं, ते सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिलेलं. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अख्खी मोजँग अडीच अब्ज डॉलरला घेतली आणि मग त्या फोनवाल्या गेमलाच वाढवत वाढवत एक्सबॉक्स, विंडोज, निन्टेंडो स्विच, प्लेस्टेशन सगळीकडे नेलं, तेच आताचं बेडरॉक. म्हणजे दिसायला जुळे भाऊ पण आतून दोन वेगळी गेम्स, आणि जावावाला बेडरॉकवाल्याच्या वर्ल्डमध्ये, म्हणजे त्याच्या गेममधल्या जगात, थेट शिरू शकत नाही, बेडरॉकवाला जावावाल्याच्या. ह्या एकाच गोष्टीवर तुमचं उत्तर ठरतं, बाकीचं सगळं नंतर.

तर आता तुमच्या घरचा हिशोब मांडू. वर्गातले मित्र फोनवर, म्हणजे बेडरॉक. न्यू जर्सीचा पुतण्या एक्सबॉक्सवर, म्हणजे बहुतेक बेडरॉकच. पुण्याचा भाचा जावावर. मुलगा म्हणतो जावा घे, म्हणजे तो एकट्या भाच्याबरोबर खेळणार आणि उरलेल्या सगळ्यांना शाळेच्या बसमध्ये नुसता ऐकत बसणार. पण इथे एक गंमत आहे जी पुण्याच्या भाच्याला बहुतेक माहीत नाही. २०२२ च्या जूनपासून कॉम्प्युटरवर जावा आणि बेडरॉक वेगळं विकतच नाहीत, एकाच पैशात दोन्ही मिळतात, आणि ज्यांनी त्याच्या आधी नुसतं जावा घेतलं होतं त्यांच्या अकाउंटलाही दुसरं तेव्हा फुकट लावून दिलं. म्हणजे त्याने खरंखुरं विकत घेतलेलं असेल तर बेडरॉक त्याच्याकडे आजही पडून आहे, नुसतं इन्स्टॉल करायचं राहिलंय. त्याला सांगा, माइनक्राफ्टचं लाँचर, म्हणजे गेम सुरू करायचं अ‍ॅप, उघड आणि डावीकडे बघ, तिथे एकाखाली एक नावं असतात, एकात जावा लिहिलेलं आणि दुसऱ्यात बेडरॉक किंवा फॉर विंडोज असं काहीतरी, ते दुसरं दाब आणि इन्स्टॉल कर. बस. झालं. त्याचे जावातले वर्ल्ड जागच्या जागी राहतात, त्यांना धक्का लागत नाही.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे, तुमच्या फोनवर प्ले स्टोअरवरून बेडरॉक घ्या. प्ले स्टोअरवर ते माइनक्राफ्ट ह्याच नावाने आहे, बेडरॉक शोधत बसू नका. पैशाचं म्हणाल तर अमेरिकेत फोनवरचं ६.९९ डॉलर आणि कॉम्प्युटरचं जोडपॅक २९.९९ डॉलर, म्हणजे चौपटीच्या वर फरक, आपल्याकडे रुपयातली किंमत वेगळी असते आणि बदलत राहते पण फोनवालं कॉम्प्युटरवाल्याच्या मानाने स्वस्तच. एकदा घेतलं की झालं, दर महिन्याला काही द्यावं लागत नाही, फोनवरून मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायलाही नाही. एक्सबॉक्सवर मात्र ऑनलाइन खेळायला गेम पासचं सबस्क्रिप्शन लागतं, ते तुमच्या दिरांना विचारून घ्या, त्यांच्याकडे असेलच बहुतेक.

आता मुलगा तोंड पाडणार. कारण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाहीये, मी स्वतः जावावाला माणूस आहे आणि मला कोणी एकटं बसून खेळायला एकच निवड म्हटलं तर मी जावाच उचलेन. मॉड्सचं, म्हणजे लोकांनी गेममध्ये केलेल्या बदलांचं, जग तिथे आहे, फॅब्रिक किंवा फोर्ज हे मॉड चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं की लोकांनी फुकट बनवून ठेवलेले हजारो मॉड्स, नवीन प्राणी, यंत्रं, रेल्वे, काय वाट्टेल ते. जुनी व्हर्जन लाँचरमधूनच परत उघडता येतात. हायपिक्सेलसारखा प्रचंड सर्व्हर, म्हणजे अनेक जण एकत्र खेळतात ती ऑनलाइन जागा, जावावरच आहे. बेडरॉकमध्ये मॉड्ससारखे अ‍ॅडऑन असतात, त्यातले काही फुकटही मिळतात, पण गेमच्या आतलं मार्केटप्लेस म्हणजे दुकान दिसतं ते बरंचसं पैसे मागणारं, त्याच्यावर खाली बोलतोच. दिसण्याच्या बाबतीत मात्र २०२५ मध्ये बेडरॉकला व्हायब्रंट व्हिज्युअल्स आले, पाण्यावरचा उजेड, सावल्या वगैरे, ते जावावाल्यांना आधी नव्हतं, ते शेडर्स, म्हणजे उजेड-सावल्यांचे वेगळे पॅक, टाकून काम चालवतात. पण व्हायब्रंट व्हिज्युअल्स प्रत्येक फोनला झेपत नाहीत, तेव्हा त्यावरून भांडण नको.

खरा राग त्याला कुठे येणार ते सांगतो म्हणजे तुम्ही तयार राहाल. यूट्यूबवर बघून तो लपलेला दरवाजा बांधायला घेईल, रेडस्टोनचा, म्हणजे गेममधली वायरिंग म्हणा. पिस्टन, म्हणजे ब्लॉक ढकलणारं यंत्र, लावेल, तार टाकेल, खटका दाबेल आणि दरवाजा ढिम्म हलणार नाही. तो परत सगळं उकरेल, परत लावेल, परत ढिम्म. त्याचं चुकलेलं नसतं. जावात पिस्टनच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेला करंट मिळण्यासारखा असला तरी खालचा पिस्टन चालू होतो, हा मुळात जुना बग, पण लोकांनी त्याच्यावर इतकी यंत्रं बांधली की मोजँगने तो तसाच ठेवला. बेडरॉकमध्ये तो नाही. त्यामुळे जावाचं यंत्र वीट न् वीट सारखं बांधलं तरी इथे चालेलच असं नाही, आणि उपाय अगदी साधा आहे, व्हिडिओ शोधताना पुढे बेडरॉक हा शब्द टाकायचा. उलट बेडरॉकमध्ये पिस्टन भरलेली पेटी सुद्धा ढकलतो, जावात ढकलत नाही, हे त्याला सांगून बघा, थोडा शांत होईल आणि पुण्याच्या भावाला डिवचायला एक मुद्दा मिळेल.

मारामारीतही फरक आहे. जावात २०१६ पासून तलवार एकदा मारली की पुन्हा पूर्ण जोर यायला क्षणभर थांबावं लागतं, बेडरॉकमध्ये तसलं काही नाही, टपाटप मारत सुटा. ढाल जावात माउसच्या उजव्या बटणाने उचलतात, इथे खाली वाकलं की आपोआप पुढे येते. चालता चालता पायापुढे ब्लॉक टाकत पूल करणं बेडरॉकमध्ये सोपं. आणि विदर नावाचा तीन डोक्यांचा राक्षस आहे तो बेडरॉकमध्ये भयंकर, जावात त्याचं आयुष्य ३००, इथे हार्डवर ६००, तेव्हा बेडरॉक म्हणजे लहान पोरांचं असं जे यूट्यूबच्या खाली लिहितात त्यांनी तो आधी मारून दाखवावा. सीडचं पण विचारेल तो, म्हणजे तो आकडा टाकला की ठराविक जग तयार होतं ते, तर २०२१ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून एकच सीड दोन्हीकडे टाकला तर डोंगर, नद्या जवळपास सारख्याच येतात, गावं आणि खजिने मात्र वेगळ्या जागी सापडू शकतात.

लॅपटॉपचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न येणारच. चार जीबी रॅमवर जावा उघडतं, चालतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. विंडोजच त्यातली निम्मी खाऊन बसतं, उरलेल्यात गेमला भागवावं लागतं, वर ह्यांचा ब्राउझर उघडा असला की संपलं. पण पैसे घालायच्या आधी बघता येतं, म्हणून बघाच. जावाचा डेमो फुकट आहे, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लाँचरमध्ये शिरलं की खेळता येतो, गेममधले पाच दिवस म्हणजे आपली १०० मिनिटं. मुलाला बसवा, व्हिडिओ सेटिंगमध्ये रेंडर डिस्टन्स, म्हणजे किती लांबचं दिसावं ते, आठवर आणा, एफ तीन दाबलं की कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा, आकडा दिसतो, तो चालताना तीसच्या आसपास राहिला तर ठीक, दहा-बारावर आला आणि लॅपटॉप तापून पंखा ओरडायला लागला तर मुलगाच म्हणेल नको. तुम्ही सांगितलेलं ऐकणार नाही, त्या आकड्याचं ऐकेल. सोडियम नावाचा मॉड टाकला की जुन्या मशीनवर बराच फरक पडतो, पण तो सगळा खटाटोप पुढच्या वर्षीचा ठेवा.

आता फोनवर घेताना ज्या गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात त्या, आणि इथे जरा सावकाश वाचा कारण घरातले खरे घोटाळे ह्याच ठिकाणी होतात.

गेम ज्या गूगल अकाउंटवरून घ्याल त्या अकाउंटचा होतो. तुमच्या अकाउंटवरून घेतला आणि उद्या मुलाला वेगळा अँड्रॉइड फोन आला तर त्या फोनमध्ये तुमचं अकाउंट टाकून तो उतरवता येतो, पण आयफोन घेतला तर परत पैसे, तिकडचं दुकान वेगळं. आणि फोनवर घेतलं म्हणून लॅपटॉपवरचं बेडरॉक फुकट मिळत नाही, हेही आधीच कळलेलं बरं. एकदाच पैसे घालणार म्हणालात, तर जन्मभराचं एकदाच असं ह्यात नसतं, पुढे कधी चांगला कॉम्प्युटर आला तर त्याचे वेगळे घालावे लागतील, पण तेव्हा दोन्ही मिळतील.

वर्ल्ड फोनमध्येच असतं. हे शंभरदा सांगून पण पोरं विसरतात आणि आया तर विसरतातच. जागा कमी पडली म्हणून तुम्ही अ‍ॅप काढून टाकलं की त्याने उन्हाळाभर बांधलेला किल्ला गेला, परत इन्स्टॉल केलं तर गेम येईल, किल्ला येणार नाही. तुमच्या फोनवर स्टोरेज फुल्लचा मेसेज आला तर लग्नाचे व्हिडिओ उडवा, ह्याला हात लावू नका.

मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागेल, ते मुलाच्या नावाने आणि खऱ्या जन्मतारखेने काढा, आणि तुमच्या अकाउंटला फॅमिलीमध्ये जोडा. पोरं जन्मसाल मागे ढकलून मोठी होतात, मग चॅट सकट सगळं उघडं पडतं. खऱ्या तारखेने काढलं की पहिल्यांदा मित्राच्या वर्ल्डमध्ये जाताना तुमच्या अकाउंटच्या सेटिंगमुळे खेळता येत नाही असा मेसेज येईल, घाबरू नका, गेम बिघडलेला नसतो, तुमची परवानगी बाकी असते. एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये तुमच्या लॉगिनने जायचं, मुलाचं नाव निवडायचं, मल्टिप्लेयरला हो म्हणायचं. फोनवर खेळताना एक्सबॉक्सचं सेटिंग कुठून आलं असं वाटेल, पण ते तसंच आहे, सगळं मायक्रोसॉफ्टचं. चॅट फक्त मित्रांपुरतं ठेवा, आणि वर्ल्ड उघडताना फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स असा पर्याय असतो तो नको, इनव्हाइट ओन्ली ठेवा, म्हणजे ज्याला बोलावलं तोच येईल.

माइनकॉइन्स. हेच ते मार्केटप्लेस. स्किन, मॅप, टोप्या, पंख, सगळं त्या कॉइन्सवर आणि कॉइन्स खऱ्या पैशांवर. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायचं चालू करा, आणि बोट तुमचंच हवं, फोनमध्ये मुलाच्या बोटाचा ठसा आधीच घातलेला असला तर काढा. हे मी आयांना सांगतो तेव्हा निम्म्या जणी हसतात कारण तो ठसा तिथे असतोच. वाढदिवसाला एखादी स्किन घेऊन दिली तर बिघडत नाही, पण गेम खेळायला ह्यातलं काहीच लागत नाही हे त्याला सुरुवातीलाच सांगा.

न्यू जर्सीच्या भावाचं एक आहे. बेडरॉकमध्ये ज्याचं वर्ल्ड तो ऑनलाइन असेल तरच बाकीचे आत जाऊ शकतात, तो झोपला की दार बंद. तुमच्याकडे रविवारी सकाळ असते तेव्हा तिकडे शनिवारची रात्र, अशी एखादी वेळ धरावी लागेल. दोघांना आपापल्या वेळेला एकाच वर्ल्डमध्ये काम करायचं असेल तर रिअल्म नावाची महिन्याच्या भाड्याची सोय आहे, वर्ल्ड कायम चालू राहतं, पैसे एकाने भरले की पुरतं, बाकीचे पाहुणे. हे दिरांनी भरावं असं मी म्हणणार नाही पण दिवाळीला काय पाठवू असं ते विचारतातच ना. एक लक्षात ठेवा, बेडरॉकचं रिअल्म वेगळं आणि जावाचं वेगळं, चुकून दुसरंच घेतलं तर पोरं बाहेरच.

पुढे कधी तो जावावर गेलाच, दहावीनंतर कॉम्प्युटर येईल तेव्हा जाईलच, तर फोनवरचं वर्ल्ड टाकून द्यावं लागतं असं नाही, चंकर नावाचं फुकट टूल आहे ते बेडरॉकचं वर्ल्ड जावामध्ये बदलून देतं, घरं-डोंगर येतात, प्राणी वगैरे सगळे येतीलच असं नाही आणि रेडस्टोन परत तपासावा लागतो. तोपर्यंत हात टचस्क्रीनवर बसलेला असेल, तो माउसवर आणायला त्रास होईल, होऊ दे.

बाकी किती वेळ खेळू द्यायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगत नाही.

फक्त पैसे भरायच्या आधी आज संध्याकाळी नणंदेकडे फोन लावा आणि भाच्याचा लॅपटॉप विंडोज आहे की मॅक तेवढं विचारा. विंडोज असेल तर वर लिहिलंय तसं करा आणि निवांत व्हा. मॅक असेल तर घोळ आहे, मॅकवर बेडरॉक चालत नाही, अकाउंटला लागलेलं असलं तरी. मग त्याच्याकडे दुसरा काही फोन किंवा आयपॅड आहे का ते बघा, त्यावर त्याने स्वतःचं बेडरॉक घेतलं की जमलं. आणि त्याला जावा सोडायचंच नसेल, आणि त्याचा स्वतःचा जावाचा सर्व्हर असेल, तर त्यावर गायझर नावाचं प्लगइन टाकून फोनवाल्यांना आत घेता येतं, पण ते त्याने बसवायचं, तुम्ही नाही. ह्यातलं कुठलं निघतंय ते कळवा, त्याप्रमाणे पुढचं लिहितो.